सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सा : मोडलेले हाड, निखळलेला सांधा आणि पट्टी किती आवळावी हा प्रश्न

पिंपळपान (धागाकर्ता)

नमस्कार. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधरावा आणि चिकित्सास्थानातील तिसरा असे दोन अध्याय मी गेल्या वर्षभरात, डल्हणाची बाराव्या शतकातील टीका शेजारी ठेवून, सावकाश वाचले. माझ्याजवळची प्रत म्हणजे यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेल्या आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने छापलेल्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण आहे. पहिल्या अध्यायात मोडलेल्या हाडाची आणि निखळलेल्या सांध्याची ओळख कशी पटवावी हे आहे, तर दुसऱ्यात उपचार आहेत. या ग्रंथाविषयी बोलताना बहुतेक जण नाकाच्या शस्त्रक्रियेपाशी थांबतात. माझ्या मते हे दोन अध्याय त्या प्रकरणाइतकेच मोलाचे आहेत, कारण वैद्याचा हात, त्याची बोटे आणि त्याचा संयम या अध्यायांत जितका दिसतो तितका इतरत्र क्वचित दिसतो.

हे अध्याय वाचायला घेण्यामागे एक जुने कारण आहे. अकरा वर्षांचा असताना आजोळी चिंचेच्या झाडावरून पडून माझा डावा हात कोपराजवळ मोडला. गावातल्या हाडवैद्याने उडदाच्या पिठाचा लेप लावला, वरून बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि सुतळीने हात घट्ट आवळून बांधला. रात्रभर मी रडत होतो आणि सगळे म्हणत होते की हाड मोडले म्हणजे दुखणारच. पहाटे आजीने कंदील जवळ धरून पाहिले, तेव्हा माझी बोटे जांभळी पडली होती आणि नखांखालचा रंग पार गेला होता. तिने कोणालाही न विचारता विळीच्या पात्यावर सुतळी धरून एकेक फेरा कापला. त्यामुळे हात वाचला, परंतु आजही मनगट मागे वळवले की माझी मधली दोन बोटे पूर्ण सरळ होत नाहीत, आणि मनगट खाली सोडले की तीच बोटे विनासायास सरळ होतात. पुढे पुष्कळ वर्षे मी असे ऐकत आलो की ही बांधणी ‘सुश्रुतापासून चालत आलेली’ आहे. सुश्रुताने खरोखर काय सांगितले आहे, ते मला स्वतः पाहायचे होते.

सुश्रुत ‘भग्ना’चे सरळ दोन भाग करतो. सांधा निखळला तर ते संधिमुक्त, आणि सांधा सोडून मधले हाड मोडले तर ते कांडभग्न. संधिमुक्ताचे सहा प्रकार आहेत, कांडभग्नाचे बारा. कारणेही तो मोजक्या शब्दांत सांगतो : पडणे, चेंगरणे, मार लागणे, हिसका बसणे, हिंस्र श्वापदाने चावणे. बारा प्रकारांची नावे वाचताना ती पाहून आणि चाचपून ठेवलेली आहेत हे लगेच जाणवते. मधोमध उंचवटा येऊन दोन्ही टोके खाली गेलेले हाड ‘कर्कटक’, म्हणजे खेकड्यासारखे दिसणारे. तिरपे मोडून एक टोक वर आलेले ते ‘अश्वकर्ण’, घोड्याच्या कानासारखे. ‘चूर्णित’ हे हाताला लागणाऱ्या भुग्यावरून आणि आवाजावरून ओळखायचे. एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या मज्जेत घुसले की ‘मज्जानुगत’. आणि ‘वक्र’ म्हणजे वाकलेले, पण तुटून वेगळे न झालेले हाड. ओली फांदी मोडताना ती कशी एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने धरून राहते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना लहान मुलांच्या हाडांचे हे मोडणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच अध्यायात एक ओळ आहे : ‘तरुणास्थीनि नम्यन्ते भज्यन्ते नलकानि तु’. कूर्चा वाकतात, नळीसारखी लांब हाडे मोडतात. पुढच्या चरणांत कवटीसारखी चपटी हाडे दुभंगतात आणि दात फुटतात असे येते. हाडांच्या जातीनुसार त्यांच्या मोडण्याची रीत बदलते, हे निरीक्षण एका श्लोकात मावले आहे.

क्ष-किरणे १८९५ साली सापडली. त्याआधी जगातल्या प्रत्येक वैद्याला हाड त्वचेवरूनच वाचावे लागे. सुश्रुताची लक्षणे म्हणूनच हाताची आहेत : सूज, थरथर, स्पर्श सहन न होणे, अवयव गळून पडणे, कोणत्याही स्थितीत आराम न वाटणे, आणि दाबल्यावर येणारा आवाज. सांधा निखळला असेल तर लांबवणे, आखडणे, वळवणे यांपैकी काहीच जमत नाही.

आता हाड बसवण्याकडे येतो. तत्त्व एका श्लोकार्धात आहे : ‘अवनामितमुन्नह्येदुन्नतं चावपीडयेत्’, म्हणजे खाली गेलेले उचलावे आणि वर आलेले दाबावे. फार दूर सरकलेले ओढून आणावे, खाली उतरलेले वर चढवावे. त्यानंतर ग्रंथ नखापासून कवटीपर्यंत एकेक अवयव घेत जातो. निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ घालून वर उचलायचे आणि सांधा बसल्यावर स्वस्तिक पद्धतीची, म्हणजे एकमेकींना छेदत जाणारी पट्टी बांधायची. कोपर निखळले तर सांधा अंगठ्याने चोळून मग हात आखडायचा आणि लांबवायचा. नाक वाकले किंवा दबले तर आतून सळईने सरळ करून दोन्ही नाकपुड्यांत दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळ्या बसवायच्या, म्हणजे नाक आतून धरले जाते आणि रुग्णाचा श्वासही चालू राहतो. मांडीचे हाड निसटले तर ते चक्राच्या साहाय्याने ओढायचे.

मांडी किंवा नडगी मोडलेल्या माणसाला ‘कपाटशयन’ सांगितले आहे. कपाट म्हणजे दाराची फळी. तिच्यावर रुग्णाला निजवून पाच खुंट्या ठोकायच्या : सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळपायाशी एक. कूस बदलता येऊ नये, पाय फिरू नये आणि खाली घसरू नये, या तिन्ही गोष्टी त्या पाच खुंट्या सांभाळतात. माझ्या डोळ्यांसमोर एखाद्या घराचे उतरवून ठेवलेले दार आणि त्यावर निजलेला माणूस उभा राहतो, आणि हे लिहिणाऱ्याने ते पुष्कळदा पाहिले असणार याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही.

आधारासाठी ज्या पट्ट्या वापरायच्या त्यांना ‘कुशा’ म्हटले आहे. त्या मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, सर्ज आणि वड यांच्या सालींच्या, किंवा बांबूच्या करायच्या. यांतली बहुतेक झाडे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या शिवेवर सापडतील. ओली साल अवयवाच्या आकाराला वळते आणि सुकताना तोच आकार धरून कडक होते, हा तिचा गुण बांबूच्या सरळ कामटीत नसतो.

आणि आता ज्या कारणासाठी मी हा धागा काढला ती गोष्ट. चिकित्सास्थानाच्या त्याच तिसऱ्या अध्यायात सुश्रुत स्पष्ट लिहितो की पट्टी फार सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट असेल तर त्वचा आणि तिच्याखालचे थर सुजतात, दुखतात आणि पिकतात. म्हणून जाणकार मध्यम बांधणीची वाखाणणी करतात. हिवाळ्यात ही पट्टी सात दिवसांनी सोडायची, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, आणि बिघाड दिसला तर त्यानुसार केव्हाही. माझ्या हातावरची बांधणी पंधरा दिवस सोडायची नाही असे आम्हाला बजावले गेले होते. जी बांधणी सुश्रुताच्या नावाने चालते, तिच्याविरुद्ध सुश्रुताचाच श्लोक उभा आहे, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. आधी कळले असते तर बरे झाले असते असे मनापासून वाटते.

या मंचावर अस्थिरोगतज्ज्ञ, वैद्य आणि इतर प्राचीन वैद्यकांचे वाचक आहेत. त्यांनी या वाचनातील चुका दाखवाव्यात आणि भर घालावी, ही विनंती.

माळरान

पिंपळपान, आपला लेख दोनदा वाचला. मी गेली एकवीस वर्षे अस्थिशल्यचिकित्सा करतो, आणि आपल्या हाताचे वर्णन वाचताक्षणी निदान डोळ्यांसमोर आले. मनगट मागे वळवले की बोटे आखडतात आणि खाली सोडले की सुटतात, ही खूण रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली वर्णन केलेल्या आकुंचनाची आहे. कोपराजवळ मोडलेल्या हातात आधीच सूज वाढत असते. वरून आवळून बांधले की सुजेला पसरायला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. काही तासांत स्नायूंचे तंतू मरू लागतात, आणि मेलेल्या तंतूंच्या जागी जो व्रण भरतो तो आखूड असतो. मनगट खाली सोडले की त्या आखूड स्नायूला ढील मिळते, म्हणून बोटे सरळ होतात. आपल्या आजीने पहाटे सुतळी कापली नसती तर पूर्ण हात पंजासारखा आखडला असता, किंवा कापावा लागला असता.

या धाग्यावर येणाऱ्या पालकांसाठी येथे एक गोष्ट ठळकपणे लिहितो. बांधणी किंवा प्लास्टर घातल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, औषधाने थांबेना, आणि बोटे हलकेच सरळ करून पाहिली असता मूल किंचाळले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. बोटे बधिर किंवा निळी होण्याची तर मुळीच पाहू नये, कारण ती लक्षणे उशिरा येतात. मनगटावर नाडी लागते म्हणून सगळे ठीक आहे असेही समजू नये. लगेच रुग्णालय गाठावे. हे आमच्या प्लास्टरलाही तितकेच लागू आहे. घट्ट प्लास्टरने झालेली हानी मी पाहिली आहे, त्यामुळे दोष केवळ हाडवैद्यांचा मानणे मला न्याय्य वाटत नाही.

आपल्या वाचनात एक भर. कृच्छ्रसाध्य, म्हणजे महत्प्रयासाने बरी होणारी भग्ने म्हणून सुश्रुत चूर्णित, छिन्न, अतिपातित आणि मज्जानुगत यांची नावे घेतो, आणि त्याचबरोबर सांध्यापर्यंत पोहोचलेले भग्न, तसेच कृश, वृद्ध आणि बालक यांचे भग्नही त्यात धरतो. आज आम्ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णाला सुचवतो हे विचारले, तर तुकडे तुकडे झालेले आणि सांध्याच्या पृष्ठभागात शिरलेले हाड ही आमचीही पहिली दोन उत्तरे असतील. मज्जानुगताबाबत मात्र माझे मत वेगळे आहे : एकमेकांत रुतलेली टोके पुष्कळदा आपोआप स्थिर राहतात आणि चांगली जुळतात. कदाचित ती ओढून सोडवण्याच्या प्रयत्नामुळेच ही भग्ने त्या काळी अवघड ठरत असावीत.

नदीकाठ

मी वैद्य आहे आणि शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातील शस्त्रक्रियेचे शास्त्र, हा माझा विषय आहे. धागाकर्त्यांचे वाचन नेमके आहे, तरीही दोन ठिकाणी पुरवणी जोडणे आवश्यक वाटते.

पहिली पुरवणी बांधणीचीच आहे. सूत्रस्थानाच्या, म्हणजे याच ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या, अठराव्या अध्यायात बंधांचे चौदा आकार दिले आहेत आणि घट्टपणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : गाढ, सम आणि शिथिल. दाबूनही न दुखणारा तो गाढ, खाली हवा खेळते तो शिथिल, आणि दोन्हींच्या मधला तो सम. म्हणजे सुश्रुताच्या सर्वांत घट्ट बंधाच्या व्याख्येतच ‘न दुखणारा’ ही अट आहे. कोणत्या जागी कोणता बंध हेही ठरलेले आहे. नितंब, मांडी, काख, डोके अशा ठिकाणी गाढ; हातपाय, चेहरा, पाठ, छाती येथे सम; डोळे आणि सांधे येथे शिथिल. तुमच्या हाताला कोपराजवळ, म्हणजे सांध्यालगत, रात्रभर दुखवणारी जी बांधणी झाली, तिला या तिन्हींपैकी एकही नाव देता येत नाही. तिसऱ्या अध्यायातला नियम आणि हा अठरावा अध्याय एकत्र वाचले पाहिजेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी ते तसेच शिकवतो.

त्याच सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात शिष्याने सराव कशावर करावा ते आले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा, आणि पट्टी बांधण्याचा सराव कापड भरून केलेल्या माणसाच्या आकृतीच्या अवयवांवर करावा. शास्त्र कितीही वाचलेला विद्यार्थी अशा सरावाशिवाय कामाला लायक होत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हात बसलेला नसताना जिवंत माणसाच्या हातावर पहिली पट्टी बांधणे ग्रंथाला मान्य नाही.

दुसरी पुरवणी ही थोडी तक्रारच समजावी. लेप, दूध आणि आहार यांना धागाकर्त्यांनी वाक्यभरही जागा दिलेली नाही. मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि रक्तचंदन यांची पूड, साळीच्या तांदळाचे पीठ आणि शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेले तूप, यांचा लेप सांगितला आहे. प्रथम व्यालेल्या गाईचे दूध मधुर औषधांनी सिद्ध करून, तूप आणि लाख घालून, थंड करून सकाळी द्यायचे आहे. मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचे कढण असा पोसणारा आहार आहे, आणि खारट, तिखट, आंबट, क्षार, ऊन, व्यायाम आणि मैथुन वर्ज्य आहेत. जो थोडे खातो आणि ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याचे हाड कष्टाने जुळते, असे अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात आहे. कुपोषित माणसाचे हाड उशिरा जुळते हे माळरान यांनाही मान्य व्हावे.

माळरान

मान्य आहे, निःसंशय मान्य आहे. प्रथिने कमी पडलेल्या वृद्धांमध्ये आणि तंबाखू सोडत नसलेल्या तरुणांमध्ये हाड जुळण्यास किती वेळ लागतो ते आम्ही रोज पाहतो.

जुनी_पाने

ग्रीक आणि इजिप्शियन वैद्यकाचा अनेक वर्षांचा वाचक म्हणून या चर्चेत काही समांतर गोष्टी मांडतो. कोणी कोणाकडून घेतले या वादात शिरण्याचा माझा हेतू नाही. मोडलेले हाड सगळीकडे सारखेच असते, म्हणून हुशार हातांनी वेगवेगळ्या ठिकाणी सारखीच उत्तरे शोधावीत यात मला नवल वाटत नाही.

इजिप्तमध्ये लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ यांनी विकत घेतलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपासचा असून तो त्याहून जुन्या ग्रंथाची नक्कल आहे. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. त्यात ४८ रुग्णांचे वर्णन डोक्यापासून खाली उतरत जाते, आणि पुष्कळदा शेवटी वैद्याचा निर्णय येतो : हा आजार मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा याला उपचार नाही. पंचविसाव्या प्रकरणात निखळलेला जबडा आहे. माणसाचे तोंड उघडे राहिले आहे आणि मिटत नाही. वैद्याने दोन्ही अंगठे तोंडात आत जबड्याच्या टोकांवर ठेवायचे, बाकीची बोटे हनुवटीखाली, आणि जबडा मागे सारून जागेवर बसवायचा. आजही दंतवैद्य हेच करतो. गळ्याचे हाड मोडलेल्या माणसाला उताणे निजवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये घडी केलेले काहीतरी ठेवायचे, म्हणजे खांदे मागे पडून हाडाची टोके एका रेषेत येतात.

हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात ‘भग्ने’ आणि ‘सांधे’ असे दोन स्वतंत्र ग्रंथ आहेत. ‘सांधे’ या ग्रंथात खांदा बसवण्याच्या अनेक पद्धती आहेत : काखेत टाच देऊन हात ओढणे, वैद्याने स्वतःचा खांदा रुग्णाच्या काखेखाली घालून त्याला उचलणे, शिडीच्या पायरीवरून हात सोडणे, आणि मुसळ. होय, तेथेही मुसळच आहे. मात्र त्या मुसळाला वरून मऊ काहीतरी गुंडाळण्याची सूचना ग्रीक ग्रंथ देतो, कारण उघड्या लाकडाने काख चेचते.

पट्टीच्या घट्टपणाबाबत ‘भग्ने’ या ग्रंथातील कसोटी मला नेहमीच फार विचारपूर्वक केलेली वाटली आहे. बांधल्यावर रुग्णाला विचारायचे : आवळल्यासारखे वाटते का? त्याने किंचित वाटते, आणि मोडलेल्या जागेवर जास्त वाटते, असे म्हणावे. त्या दिवशी आणि त्या रात्री तो दाब थोडा वाढल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी कमी. दुसऱ्या दिवशी हाताच्या टोकाशी थोडी, मऊ सूज आली तर पट्टी नीट बसली. तिसऱ्या दिवशी ती सैल वाटली पाहिजे, आणि मग सोडून पुन्हा बांधायची. लाकडी आधार तर लगेच लावायचेच नाहीत. सूज उतरल्यावर, साधारण सातव्या दिवसाच्या सुमारास लावायचे. पिंपळपान यांच्या हातावर पहिल्याच दिवशी कामट्या चढल्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पिंपळपान

जुनी_पाने, ही कसोटी वाचून मी बराच वेळ थांबलो. रुग्णाला विचारायचे, आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा! त्या रात्री मी जे रडून सांगत होतो तेच उत्तर होते.

नदीकाठ, आपली तक्रार रास्त आहे. आहाराचा भाग मी वगळायला नको होता. हाड जुळण्याच्या काळाविषयीचा श्लोकही राहून गेला होता, तो येथे देतो : पहिल्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मधल्या वयात दोन, आणि उतारवयात तीन.

जुनी_पाने

ग्रीक ग्रंथात आकडे अवयवानुसार आहेत : पुढच्या हाताला तीस दिवस, दंडाला आणि नडगीला चाळीस, मांडीला पन्नास. सुश्रुत वयावर मोजतो, ग्रीक वैद्य अवयवावर.

माळरान

दोन्ही हवेत. मांडीच्या हाडासाठी पन्नास दिवस मोठ्या माणसाला फार कमी आहेत. आम्ही तीन महिने आणि कधी त्याहून जास्त धरतो. त्या बाबतीत सुश्रुताचे दोन-तीन महिने मला अधिक पटतात.

शिवार

चर्चा फार माहितीपूर्ण चालली आहे. माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडे कोल्हापूर भागात हाड मोडले की कांडवेलीचा रस पाजतात आणि तिचाच लेप लावतात. हीदेखील सुश्रुताची वनस्पती आहे का?

नदीकाठ

शिवार, वर चर्चा झालेल्या अध्यायातल्या सालींमध्ये किंवा लेपात कांडवेल नाही. तिचे ‘अस्थिसंहार’ हे नाव आणि हाडासाठीचा उपयोग नंतरच्या ग्रंथांत ठळक होतो. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने दिलेल्या लाक्षादी गुग्गुळात लाख, अर्जुन, अश्वगंधा आणि नागबला यांच्या जोडीला ती आहे. वेलीला जागोजागी पेरे असतात, प्रत्येक कांड सांध्यासारखे जोडलेले दिसते, आणि त्यावरून तिचा हाडाशी संबंध लोकांच्या मनात पक्का झाला असावा. हाड लवकर भरण्याबाबत तिच्यावर आधुनिक प्रयोगही झाले आहेत. परंतु कच्चे कांड तसेच खाल्ले तर घसा विलक्षण खाजतो, म्हणून वैद्याला विचारल्याशिवाय रस पाजू नये. आणि हाड जागेवर बसलेले नसताना कोणतीही वेल ते सरळ करू शकत नाही. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवावे आणि नव्या भग्नासारखे उपचार करावेत, असे सुश्रुतानेच सांगितले आहे.

उंबरठा

मी प्रथमच येथे लिहीत आहे. माझ्या आईचे मनगट दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून मोडले. आता प्लास्टर निघाले आहे आणि हाड जुळले आहे, परंतु मूठ वळत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मऊ चेंडू दाबायला दिला आहे, तर आई म्हणते की चेंडू खेळायचे माझे वय आहे का. ती रोज पोथी वाचते, जुन्या ग्रंथांवर तिची श्रद्धा आहे. या ग्रंथात प्लास्टर निघाल्यानंतरचे काही आहे का, म्हणजे मी तिला वाचून दाखवीन?

पिंपळपान

उंबरठा, आहे, आणि नेमके तुमच्या आईंसाठी असल्यासारखे आहे. तिसऱ्या अध्यायात हाताच्या तळव्याच्या भग्नाचा उपचार सांगताना सुश्रुत लिहितो की आधी रुग्णाने मुठीत मातीचा गोळा धरावा, त्यानंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. ओली माती बोटांखाली दबते आणि बोटांचा आकार घेते, म्हणून कमजोर मुठीलाही ती जमते. सैंधवाचा मोठा खडा दबत नाही, पण हलका असतो. दगड दबतही नाही आणि जडही असतो. नीट जुळलेल्या भग्नाची खूण म्हणून ग्रंथ म्हणतो की अंग उणे दिसू नये, उंचवटा राहू नये आणि हालचाल सुखाने व्हावी. ती सुखाची हालचाल मुठीतूनच परत येते.

माळरान

मीही हेच सांगेन. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटे, आणि आधी हात कोमट पाण्यात बुडवून. दुखणे थोडे सहन करावे, पण सूज वाढली तर थांबावे. माती अंगणातली नको, स्वच्छ शाडूची घ्यावी.

उंबरठा

आपणा सर्वांचे आभार. काल आईला तो भाग वाचून दाखवला. तिने शाडूची माती आणायला सांगितली नाही. सकाळी परातीत स्वतः कणीक भिजवली आणि तिचा गोळा मुठीत धरून पोथी होईपर्यंत दाबत बसली. अनामिका आणि करंगळी अजून तळव्याला टेकत नाहीत, मधले बोट टेकते. सैंधवाचा खडा तिने देवघरातल्या फळीवर काढून ठेवला आहे आणि तो पुढच्या सोमवारी घेईन असे म्हणते.